खेळाडू विद्यार्थी : बळ, आहार आणि मन
(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या शिक्षकांसाठी)

तालुक्याच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या म्हणजे शाळाशाळांतून कबड्डी व खो-खो यांच्या संघांची निवड सुरू होते. पंधरा दिवस मैदान गजबजते. मुले पहाटे धावतात, सायंकाळी पुन्हा धावतात. आणि स्पर्धा संपली की मैदान पुढील वर्षापर्यंत ओस पडते. या पंधरा दिवसांत कोणाचा घोटा मुरगळतो, कोणास ताप येतो, तर एखादा मुलगा 'मला खेळायचे नाही' म्हणून कायमचा बाजूस बसतो. याचे कारण बहुधा मुलांत नसते, आपल्या पद्धतीत असते. बळ हे पंधरा दिवसांत हाती येणारे पीक नव्हे. ते कसे वाढते, त्यास काय लागते आणि शिक्षकाने कोठे लक्ष घालावयाचे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. बळ केव्हा वाढते?

व्यायाम चालू असताना स्नायू बळकट होत नाहीत. त्या वेळी ते थकतात. पुढे विश्रांतीच्या काळात शरीर अन्नातील प्रथिने वापरून त्यांची डागडुजी करते आणि पुन्हा तसाच ताण आल्यास तो पेलता यावा म्हणून त्यांस थोडे अधिक सक्षम करते. सबब व्यायाम वाढविला, पण अन्न व झोप वाढविली नाही, तर बळ वाढण्याऐवजी मूल खंगते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांस रोज ९ ते १२ तासांची झोप आवश्यक मानली जाते. पहाटे पाचला सरावास बोलावलेले मूल रात्री किती वाजता निजते, हे शिक्षकास ठाऊक असलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की, वयात येण्यापूर्वी मुलांचे बळ वाढते ते मुख्यतः मज्जासंस्था व स्नायू यांचा मेळ अधिक चांगला बसल्यामुळे. दंड पिळदार होणे ही पुढील वयातील गोष्ट आहे. म्हणून या वयात वजन किती उचलले यापेक्षा हालचाल किती शुद्ध केली, यास महत्त्व द्यावे.

व्यायामाचा हिशेब मैदानापुरता ठेवू नये. जे मूल वाडीवरून तीन किलोमीटर चालत येते, विहिरीवरून पाणी आणते व सुटीत शेतात राबते, त्याचा निम्मा व्यायाम शाळेत येण्यापूर्वीच झालेला असतो. अशा मुलास आणखी दहा फेऱ्या धावावयास लावणे हे शिक्षण नव्हे.

२. व्यायामाचा क्रम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटे दमश्वास वाढविणारी हालचाल हवी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम हवा. यासाठी साहित्याची गरज नाही. सोमवार, बुधवार व शुक्रवार असे एकाआड एक दिवस पुढील क्रम घ्यावा :

(अ) अंग मोकळे करणे, ५ ते ७ मिनिटे. लेझीम असल्यास उत्तम.
(आ) बैठका, ८ ते १०.
(इ) भिंतीस अगर ओट्यास हात टेकून जोर, ६ ते ८. हे सहज जमू लागल्यावर मगच जमिनीवरील जोर घ्यावेत.
(ई) पालथे होऊन कोपरे व चवडे यांवर शरीर सरळ तोलून धरणे, १५ सेकंद.
(उ) जागेवरून लांब उडी, ५ वेळा. जमिनीवर येताना गुडघे वाकवून अलगद उतरण्यास शिकवावे.

(आ) ते (उ) यांच्या दोन फेऱ्या पुरेत. लागोपाठ दोन दिवस मूल सर्व क्रम शुद्ध रीतीने करू शकले, तरच प्रत्येक प्रकारात दोनची, आणि तोलून धरण्यात पाच सेकंदांची भर घालावी. पाठ वाकली किंवा गुडघे आत झुकले की मोजणे थांबवावे.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु गुडघा, टाच किंवा कोपर एकाच ठिकाणी दुखत असेल तर व्यायाम बंद करावा. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग मऊ असतो. तेथील दुखणे 'सहन कर' म्हणून दडपू नये, वैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखवावे.

उठाबशांची शिक्षा तर पूर्णपणे सोडून द्यावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केलेली आहेच; शिवाय जी बैठक सकाळी व्यायाम म्हणून शिकवावयाची, तीच दुपारी अपमान म्हणून करावयास लावली, तर मुलाने तिजवर प्रेम कसे करावे?

३. आहार

शालेय पोषण आहारात १ ली ते ५ वीच्या विद्यार्थ्यास रोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर ६ वी ते ८ वीच्या विद्यार्थ्यास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. हे दिवसभराचे अन्न नव्हे, एका जेवणाचे आहे. उरलेले घरून यावयाचे असते. म्हणून पालकसभेत या विषयास अवश्य स्थान द्यावे.

पालकांस महागड्या वस्तू सांगू नयेत. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत जे घटक कमी असतात ते कडधान्यांत मिळतात, आणि कडधान्यांत जे कमी असतात ते धान्यांत मिळतात. यास्तव भाकरी व मटकीची उसळ हे जेवण खेळाडूस शोभणारेच आहे. मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. घरी दूध वा अंडी चालत असतील तर ती द्यावीतच. डब्यातून विकल्या जाणाऱ्या 'ताकदीच्या' भुकटीची या वयात काही गरज नाही.

सकाळचा सराव उपाशीपोटी घेऊ नये. अर्धा-पाऊण तास आधी एखादे केळे किंवा थोडे शेंगदाणे व गूळ पोटात असावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी मुलांस पाणी प्यावयास थांबवावे. पाणी प्याल्याने दम तुटतो ही समजूत चुकीची आहे. उन्हाळ्यात भर उन्हात सराव ठेवू नये.

कुस्तीच्या खालच्या वजनगटात बसविण्यासाठी मुलास उपाशी अगर तहानलेले ठेवण्याचा प्रकार कोठेही घडू देऊ नये. वाढते शरीर त्याची किंमत पदकापेक्षा जास्त मोजते.

४. 'आळशी' मुलाची पारख

प्रत्येक संघात एखादे मूल असे असते की दोन फेऱ्यांतच त्यास धाप लागते आणि ते खाली बसते. सवंगडी त्यास आळशी म्हणतात, आणि पुष्कळदा शिक्षकही म्हणतात. अशा मुलास नाव ठेवण्यापूर्वी त्याच्या पापणीची आतील बाजू व नखे पाहावीत. ती फिकट असतील, मूल वारंवार थकत असेल, तर ते रक्तक्षयाचे चिन्ह असू शकते. रक्तात लोह कमी असल्यास स्नायूंस प्राणवायू पुरेसा पोचत नाही. तेथे रागावण्याचा काय उपयोग? अशा मुलाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करवून घ्यावी.

शाळेत आठवड्यातून एकदा दिली जाणारी लोहाची गोळी (१ ली ते ५ वीस गुलाबी, ६ वीपासून निळी) जेवणानंतर शिक्षकांसमक्ष घेतली जावी. जंतनाशक गोळीचा दिवस चुकू देऊ नये. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळल्यास अथवा जेवणानंतर पेरू-आवळा खाल्ल्यास अन्नातील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते. वयात येणाऱ्या मुलींस लोहाची गरज अधिक असते. त्यांच्याशी या विषयावर शिक्षिकेने अथवा आशाताईंनी मोकळेपणाने बोलावे, आणि पाळीच्या दिवसांत खेळावे की विसावा घ्यावा हे मुलीस ठरवू द्यावे.

५. मनाची मशागत

हरण्याची भीती ही हरण्यापेक्षा जास्त हानी करते. भ्यालेले मूल श्वास रोखते, अंग ताठ करते आणि सरावात साधलेली चढाई सामन्यात विसरते. यावर उपाय साधे आहेत. सामन्यापूर्वी पाच वेळा सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडण्याची सवय लावावी. प्रत्येक मुलास त्याच्या हातात असलेले एकच काम सांगावे. 'जिंकून ये' हे काम नव्हे. 'बोनस रेषेवर पाय टाकून परत फीर' हे काम होय. तुलना करावयाची तर त्याच्याच मागील महिन्याशी करावी.

पराभव कसा सांगावा, यासाठी खाशाबा जाधवांचे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. कराडजवळच्या गोळेश्वरचा, मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. त्या दिवशी त्यास कोणी 'हरलेला' ठरवून घरी बसविले असते, तर १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटातील कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आले नसते. मुलांस पदकाबरोबर तो सहावा क्रमांकही सांगावा, आणि मधली चार वर्षेही सांगावीत.

मात्र एखादे मूल आठवडेच्या आठवडे गप्प राहत असेल, जेवत वा झोपत नसेल, तर तो खेळाचा प्रश्न समजू नये. त्याच्याशी एकांतात बोलावे, पालकांस भेटावे व आरोग्य केंद्राचे साहाय्य घ्यावे.

६. नोंदवही

प्रत्येक खेळाडूसाठी वहीचे एक पान राखावे. त्यात दर शनिवारी चार गोष्टी लिहाव्यात : बैठका व जोर यांची संख्या, जागेवरून उडीचे अंतर, सकाळी काही खाल्ले होते की नाही, आणि मूल कसे दिसले. चौथ्या रकान्यात 'उत्साही', 'थकलेले', 'रुसलेले' असा एक शब्द पुरे. तीन आठवडे ओळीने 'थकलेले' असे आढळल्यास व्यायाम निम्मा करावा आणि कारण शोधावे.

ही वही स्पर्धेबरोबर बंद करू नये. स्पर्धेनंतरच्या पहिल्या सोमवारी, संघ जिंकलेला असो वा हरलेला, सराव नेहमीच्या वेळी घ्यावा आणि त्या दिवशी किती मुले मैदानावर आली याची नोंद सर्वांत वर करावी.