एंजिनाचा श्वास : कॅम कोणता निवडावा?

कल्याण-शीळ रस्त्याने जाताना 'प्रीमिअर' हे नाव तुमच्या कानांवर कधीतरी पडले असेल. प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. तिचा मुख्य कारखाना कुर्ल्याला होता आणि डोंबिवलीजवळ याच रस्त्यावर दुसरा. १९४७ पासून कुर्ल्याला अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि त्यातून आपली सर्वांची ओळखीची 'पद्मिनी' आली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये अखेरचा निरोप घेतला. तरीही ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत एखाद्या चाळीच्या किंवा सोसायटीच्या आवारात आजोबांची जपून ठेवलेली पद्मिनी अजून दिसते.

अशा गाडीचे एंजिन उघडायची वेळ आली, की घरातल्या तरुण मंडळींच्या मनात एक विचार येतोच : "एंजिन उघडलेच आहे, तर शर्यतीच्या गाडीचा कॅम बसवू या. गाडी पळेल!" अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात याच हौसेने तरुणांना वेड लावले होते. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ, नंतरच्या डॉज चार्जर आणि प्लिमथ रोड रनर या मोठ्या एंजिनांच्या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू! जीटीओचे एंजिन सुमारे ६.४ लिटरचे होते, तर पद्मिनीचे १०८९ घन सेंटिमीटरचे, म्हणजे जेमतेम १.१ लिटरचे. परंतु कॅमचे शास्त्र दोघांनाही सारखेच लागू पडते. ते शास्त्र न समजता कॅम बदलला, तर पैसे खर्च होऊन गाडी पूर्वीपेक्षा मंद होते. हे कसे, ते आपण आकडेमोड करून पाहू या.

कॅम करतो काय?

चार धावांच्या एंजिनात दट्ट्या वरखाली होत चार धावा करतो : शोषण, संपीडन, ज्वलन आणि निष्कासन. पहिल्या धावेत आत घेणारी झडप उघडावी लागते, शेवटच्या धावेत बाहेर सोडणारी. हे उघडझाप करणारा दंड म्हणजे कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा फिरत आला, की तो टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर झडपेला. उंचवटा पुढे सरकला, की स्प्रिंग झडप बंद करते. चार धावांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, पण प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते. म्हणून कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो.

कॅमचे दोन गुण महत्त्वाचे. एक, झडप किती उचलली जाते, म्हणजे 'लिफ्ट'. दुसरा, क्रँकशाफ्टच्या किती अंशांपर्यंत ती उघडी राहते, म्हणजे 'ड्युरेशन'.

शोषणाची धाव १८० अंशांची, तेव्हा झडपही १८० अंशच उघडी राहावी असे तुम्हांला वाटेल. पण हवेलाही वस्तुमान असते आणि वस्तुमान म्हटले की जडत्व आले. हवा एकदम सुरू होत नाही आणि एकदम थांबतही नाही. म्हणून झडप थोडी लवकर उघडतात आणि दट्ट्या खालच्या टोकाला पोचल्यावरही थोडी उशिरा बंद करतात.

उदाहरणासाठी दोन कॅम घेऊ. कॅम 'अ' सौम्य आहे : आत घेणारी झडप वरच्या टोकाच्या १० अंश आधी उघडते आणि खालच्या टोकानंतर ५० अंशांनी बंद होते. ड्युरेशन झाले १० + १८० + ५० = २४० अंश. कॅम 'ब' शर्यतीचा आहे : ४० अंश आधी उघडतो आणि ८० अंश नंतर बंद होतो, म्हणजे ३०० अंश.

हवेचा वेग

पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि धाव ७५ मिलिमीटर. एका फेऱ्यात दट्ट्या दोन धावा करतो. मिनिटाला ५००० फेरे असतील, तर सेकंदाला ८३.३ फेरे झाले. दट्ट्याचा सरासरी वेग २ × ०.०७५ × ८३.३ = सेकंदाला १२.५ मीटर.

आता समजा, हवा येण्याच्या मार्गाचे क्षेत्रफळ दट्ट्याच्या क्षेत्रफळाच्या एक सप्तमांश आहे. मग त्या मार्गातील हवेचा वेग सातपट, म्हणजे सेकंदाला ८७.५ मीटर होईल. ताशी ३१५ किलोमीटर! एवढ्या वेगाने येणारी हवा अडवली, तर तिच्या गतिज ऊर्जेमुळे किती दाब निर्माण होईल? घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरून अर्धा × घनता × वेगाचा वर्ग काढा. उत्तर सुमारे ४६०० पास्कल येते, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साडेचार टक्के. दट्ट्या वर निघाला तरी ही हवा स्वतःच्या जोराने आत घुसत राहते. अशा वेळी झडप उशिरा बंद केल्याने फायदाच होतो.

आता फेरे १००० करा. वेग पाचपट कमी, म्हणून दाब पंचवीसपट कमी : जेमतेम १८४ पास्कल. हवेत आत घुसण्याचा जोरच राहिला नाही. दट्ट्या वर येऊ लागला आणि झडप अजून उघडी असेल, तर आत घेतलेले मिश्रण आल्या वाटेने परत ढकलले जाते.

किती ढकलले जाते? कनेक्टिंग रॉडच्या लांबीचा परिणाम तूर्त सोडून देऊ. खालच्या टोकानंतर कोन क झाला असता दट्ट्या ३७.५ × (१ − कोज्या क) मिलिमीटर वर आलेला असतो. ५० अंशांना हे अंतर १३ मिलिमीटर, म्हणजे धावेच्या १८ टक्के. ८० अंशांना ते ३१ मिलिमीटर, म्हणजे ४१ टक्के! एका सिलिंडरचे घनफळ २७२ घन सेंटिमीटर आहे. तेव्हा मंद वेगात कॅम 'अ' सुमारे २२३ घन सेंटिमीटर मिश्रण कोंडतो, तर कॅम 'ब' फक्त १६०. संपीडनाचे छापील प्रमाण ७.५ आहे असे समजलो, तर दट्ट्याच्या वर उरणारी जागा ४२ घन सेंटिमीटर येते. मग प्रत्यक्ष संपीडन 'अ' मध्ये ६.३ आणि 'ब' मध्ये केवळ ४.८ होते. एंजिनाला दम का लागतो, ते आता लक्षात आले ना?

आणखी एक अडचण आहे. निष्कासनाची झडप बंद होण्यापूर्वीच शोषणाची झडप उघडते. बाहेर सोडणारी झडप वरच्या टोकानंतर 'अ' मध्ये १० आणि 'ब' मध्ये ४० अंशांनी बंद होते असे धरा. दोन्ही झडपा एकदम उघड्या राहण्याचा काळ 'अ' मध्ये २० अंश आणि 'ब' मध्ये ८० अंश होतो. मंद वेगात या काळात जळालेला वायू उलटा शोषणमार्गात शिरतो. गाडी उभी असताना एंजिन गचके खात गुरगुरते. हा आवाज पुष्कळांना रुबाबदार वाटतो, पण तो अपुऱ्या ज्वलनाचा आवाज आहे! काही पेट्रोल न जळताच धुराड्यातून बाहेर पडते आणि पी.यू.सी. तपासणीत गाडी नापास होऊ शकते.

टॉर्क आणि अश्वशक्ती

शक्ती = टॉर्क × कोनीय वेग, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. खालील आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, एखाद्या विशिष्ट गाडीचे नाहीत.

१५०० फेऱ्यांना : 'अ' ६५ न्यूटन-मीटर, 'ब' ४८.
२५०० फेऱ्यांना : 'अ' ७०, 'ब' ५८.
४००० फेऱ्यांना : 'अ' ६०, 'ब' ६६.
५००० फेऱ्यांना : 'अ' ५०, 'ब' ६२.

५००० फेऱ्यांना 'अ' २६ किलोवॅट देतो आणि 'ब' ३२.५, म्हणजे ३५ च्या जागी जवळजवळ ४४ अश्वशक्ती. जाहिरातीत छापतात तो हा आकडा. पण २५०० फेऱ्यांना 'अ' १८.३ किलोवॅट देतो आणि 'ब' फक्त १५.२. तेव्हा खरा प्रश्न असा : आपले एंजिन दिवसभर कोणत्या वेगाने फिरते?

समजा, चाकाचा परीघ १.८ मीटर आहे आणि तिसऱ्या गिअरमध्ये एंजिनाचे ६ फेरे झाले म्हणजे चाकाचा १ फेरा होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला एंजिनाचे फेरे येतात सुमारे २२२०. तिसऱ्या गिअरमध्ये ५००० फेरे हवे असतील, तर गाडी ताशी ९० किलोमीटरने न्यावी लागेल. आता सांगा, शीळफाट्यावर, कापूरबावडीला किंवा घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता हे कुणाला जमेल? तिथे गाडी हजार ते अडीच हजार फेऱ्यांमध्येच रांगते. कॅम 'ब' चा सगळा फायदा आपण कधी जात नाही अशा गावी ठेवलेला आहे!

स्प्रिंगची परीक्षा

झडप उचलणारा कॅम असतो, पण तिला परत आणणारी स्प्रिंग असते. ८ मिलिमीटर लिफ्ट १२० अंशांत पूर्ण होते असे धरा. ५००० फेऱ्यांना १२० अंशांना ४ मिलिसेकंद लागतात. पहिले ४ मिलिमीटर २ मिलिसेकंदांत एकसमान त्वरणाने पार करायचे, तर त्वरण निघते २००० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या दोनशेपट! पुढच्या ४ मिलिमीटरांत तेवढेच अवत्वरण हवे आणि ते स्प्रिंगने द्यायचे. हलणाऱ्या भागांचे वस्तुमान २०० ग्रॅम असेल, तर बल झाले ४०० न्यूटन. १००० फेऱ्यांना हेच बल फक्त १६ न्यूटन असते. जुनी, थकलेली स्प्रिंग हे बल देऊ शकली नाही, तर झडप कॅमचा पाठलाग सोडून हवेत तरंगते आणि एखादे वेळी दट्ट्यावर आदळते. म्हणूनच कॅम बदलताना स्प्रिंगचा विचार आधी करावा.

कॅमचा पृष्ठभागही कठीण हवा. आपल्या सोलापुरात १९९२ पासून कॅमशाफ्ट बनवणारा प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना आहे. चिल्ड कास्ट आयर्न हा तेथील एक प्रकार. लोखंड ओतताना उंचवट्यांच्या जागी साच्यात धातूचे तुकडे ठेवतात. तेथे लोखंड झटकन थंड होऊन अतिशय कठीण होते, तर आतला गाभा सावकाश थंड होऊन तितका ठिसूळ राहत नाही. जुन्या पद्धतीच्या एंजिनात सपाट टॅपेट कॅमवर घासत असतात. झिजलेले टॅपेट नव्या कॅमवर बसवले, तर नवा कॅमही लवकर झिजतो.

मग निवड कशी करावी?

प्रथम आपले एंजिन बहुतेक वेळ कोणत्या फेऱ्यांत चालते ते ठरवा. गावातल्या वापराला मूळचा कॅम किंवा त्याहून किंचित जास्त ड्युरेशनचा कॅम पुरे. दोन कॅमांत मन अडले, तर सौम्य कॅम घ्या. ड्युरेशन वाढवण्यापेक्षा लिफ्ट थोडी वाढवणे रस्त्यावरच्या गाडीला अधिक मानवते, मात्र स्प्रिंग आणि दट्ट्यापासूनचे अंतर तपासूनच. कार्ब्युरेटर आणि धुराडे मूळचेच ठेवले, तर मोठ्या कॅमला हवा मिळणार नाही आणि तो वाया जाईल. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील बदलांवर मर्यादा घालते, तेव्हा बदल करण्यापूर्वी आर.टी.ओ. कडे चौकशी करणे शहाणपणाचे.

एकच कॅम सर्व वेगांना योग्य ठरत नाही, हा पेच अभियंत्यांनाही सतावत होता. होंडाने १९८९ साली व्हीटेक पद्धत आणली. तीत मंद वेगाला एक उंचवटा आणि जास्त वेगाला दुसरा काम करतो. आज अनेक गाड्यांच्या पाठीवर 'व्हीव्हीटी' अशी अक्षरे असतात. त्या गाड्यांत झडपांची वेळ चालत्या एंजिनात बदलते.

करून पाहा

जाड पुठ्ठ्याचा अंड्याच्या आकाराचा कॅम कापा. वर्तुळाकार भागाच्या मध्यावर टाचणी लावून तो फिरवा. कडेला टेकलेली पेन्सिल दर १० अंशांना किती वर जाते ते मोजा आणि आलेख काढा. झडप उघडी असलेले कॅमचे अंश मोजून त्यांची दुप्पट करा. तेच तुमच्या कॅमचे ड्युरेशन!

विचार करा

१. कॅम 'ब' ची लिफ्ट १० मिलिमीटर असून ती १५० अंशांत पूर्ण होते. ५००० फेऱ्यांना त्वरण किती? ते कॅम 'अ' पेक्षा कमी का आले?
२. तोच कॅम ७००० फेऱ्यांना नेला, तर २०० ग्रॅम वस्तुमानासाठी स्प्रिंगला किती बल द्यावे लागेल?
३. कल्याण ते ठाणे चालणाऱ्या रिक्षाला आणि शर्यतीच्या मोटारसायकलला एकच कॅम का चालणार नाही?