ध्वनिमुद्रिकेचा सुखरूप प्रवास

किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांना समोर बसून ऐकणारी पिढी काळाच्या पडद्याआड गेली. तरीही त्यांचा स्वर आजही ऐकता येतो, तो ध्वनिमुद्रिकांमुळे. अशा जुन्या ध्वनिमुद्रिका, म्हणजेच ग्रामोफोनच्या तबकड्या, कित्येक घरांतील कपाटांत जपून ठेवलेल्या असतात. त्या एखाद्या संग्राहकाकडे किंवा ग्रंथालयाकडे पाठवायच्या झाल्या, की पार्सलाचा प्रवास हीच त्यांची कसोटी ठरते.

तबकडी कशाची बनली आहे, हे ओळखणे ही पहिली पायरी होय. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांत लाखेबरोबर दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. त्यामुळे त्या जड व ठिसूळ असतात आणि आपटताच फुटतात. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइल या प्लास्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी बाजारात आली. ही तबकडी सहसा फुटत नाही. मात्र ती उष्णतेने वाकते आणि तिच्यावर ओरखडे लवकर उमटतात. म्हणून लाखेच्या तबकडीला धक्क्यापासून, तर व्हिनाइलच्या तबकडीला उष्णता व घर्षणापासून अधिक जपावे लागते.

व्हिनाइलची तबकडी चित्रमय वेष्टनात ठेवून पाठवू नये. प्रवासात ती आत सरकते आणि तिच्या कडेच्या दाबाने वेष्टनाची शिवण फाटते. तबकडी आतल्या कागदी पिशवीसह बाहेर काढावी, वेष्टनाच्या मागे ठेवावी आणि दोन्ही मिळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावीत. दोन्ही बाजूंना वेष्टनापेक्षा किंचित मोठे, सपाट पुठ्ठे लावावेत. पुठ्ठे एकमेकांना चिकटपट्टीने बांधावेत. चिकटपट्टी वेष्टनाला लागू देऊ नये.

लाखेच्या तबकड्यांची बांधणी याहून भक्कम हवी. प्रत्येक तबकडी स्वतंत्र कागदी पिशवीत घालावी आणि दोन तबकड्यांमध्ये मऊ अस्तर ठेवावे. थोड्याच तबकड्यांचा एक गठ्ठा करून तो पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधावा व लहान खोक्यात ठेवावा. हे खोके मोठ्या खोक्यात ठेवून चारही बाजूंस, तसेच वर व खाली, सुमारे ५ सेंटिमीटर जाडीचे मऊ भरण भरावे. बाहेरच्या खोक्याला बसलेला धक्का या भरणात जिरतो आणि तबकडीपर्यंत पोहोचत नाही.

खोके बंद केल्यावर हळूच हलवून पाहावे. आत काही सरकल्याचा आवाज आला, तर भरण वाढवावे. 'नाजूक वस्तू' अशी सूचना अवश्य लिहावी. परंतु केवळ तिच्यावर विसंबू नये. कडक उन्हाळ्यात पार्सल पाठवणे शक्यतो टाळावे.

एवढी काळजी घेऊनही अपघात घडू शकतो. लाखेच्या तबकडीचे तुकडे जोडले, तरी पूर्वीसारखा सलग स्वर मिळणे कठीण असते. म्हणून दुर्मीळ तबकडी पाठवण्यापूर्वी तिच्यावरील ध्वनीची प्रत संगणकावर उतरवून घ्यावी. तबकडी ही वस्तू आहे. तिच्यातील स्वर हा वारसा आहे. दोन्ही जपले, तरच तो पुढील पिढीच्या कानी पडेल.

स्वाध्याय
१. लाखेची व व्हिनाइलची तबकडी यांतील फरक सांगा.
२. तबकडी वेष्टनाबाहेर काढून का पाठवावी?
३. 'तबकडी ही वस्तू आहे. तिच्यातील स्वर हा वारसा आहे', या विधानाचा आशय स्पष्ट करा.