शिशाचा कुत्रा

सन 1925 च्या सप्टेंबर महिन्यातील ही हकीगत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशायर परगण्यात, फिली नावाचे गाव आहे. तेथे एक प्राध्यापक सुटीसाठी मुलाबाळांसह येऊन राहिले होते. त्यांचा दुसरा मुलगा मायकेल अजून पाच वर्षांचाही झाला नव्हता. त्याच्याजवळ शिशाचा, काळापांढरा रंगवलेला एक इवलासा कुत्रा होता आणि तो त्यास क्षणभरही हातावेगळा करीत नसे. एके दिवशी समुद्राच्या पाण्यावर दगड भिरकावण्यासाठी त्याने कुत्रा खाली ठेवला. किनारा गोट्यांनी भरलेला; त्यांत तो कुत्रा दिसेनासा झाला. वडिलांनी व थोरल्या भावाने दोन दिवस शोध केला, परंतु व्यर्थ!

मुलांनो, अशा वेळी वडीलमाणसे काय करतात, ते तुम्हांस ठाऊक आहेच. 'दुसरा आणू' असे म्हणतात; नाहीतर 'नीट का सांभाळला नाहीस?' असे विचारतात. या वडिलांनी मात्र त्या कुत्र्याची गोष्ट सांगावयास प्रारंभ केला. तो कुत्रा म्हणे पूर्वी खराखुरा होता. एका जादूगाराच्या विजारीला चावा घेतल्यामुळे त्याचे खेळणे झाले. किनाऱ्यावर पडल्यानंतर एका समुद्रपक्ष्याच्या पाठीवर बसून तो चंद्रावर गेला, पुढे देवमाशाच्या मदतीने समुद्रतळीच्या राजवाड्यात पोहोचला. त्याच मुक्कामात फिलीला मोठे वादळ झाले होते. तेही गोष्टीत आले. समुद्राच्या तळाशी निजलेला प्रचंड सर्प कूस बदलू लागला की समुद्र खवळतो, हे त्याचे कारण!

हे प्राध्यापक म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन. जुन्या इंग्रजी भाषेचे ते गाढे पंडित होते. 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या त्यांच्या ग्रंथांची नावे तुमच्यापैकी कित्येकांनी ऐकली असतील. कुत्र्याची ती गोष्ट 'रोव्हरँडम' या नावाने छापून निघाली ती 1998 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. आज ती व त्यांच्या इतर लघुकादंबऱ्या 'टेल्स फ्रॉम द पेरिलस रेल्म' या एकाच संग्रहात वाचावयास मिळतात. टॉल्किन हे माझे आवडते लेखक. आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्या मोठ्या ग्रंथांपेक्षा हा संग्रहच माझ्या उशाशी अधिक वेळा असतो.

त्यातील शेतकरी जाइल्सची कथा पोट धरून हसावयास लावणारी आहे. गावात शिरलेल्या राक्षसावर हा स्थूल, आळशी शेतकरी आपल्या रुंद तोंडाच्या जुन्या बंदुकीतून खिळे आणि तारांचे तुकडे झाडतो. राक्षसाला वाटते, किडे चावले! तो कंटाळून घरी जातो आणि जाइल्स उगीचच वीरपुरुष ठरतो. मग राजा त्याला अडगळीतील एक तलवार बक्षीस पाठवितो. तिचे लॅटिन नाव मोठे भारदस्त आहे. अर्थ एवढाच की, शेपूटचावी. पुढे खराच ड्रॅगन येतो तेव्हा काय होते, ते मी सांगणार नाही.

'वूटन मेजरचा लोहार' ही कथा वाचताना मात्र मी थोडा ओशाळतो. त्या गावात चोवीस वर्षांतून एकदा चोवीस मुलांसाठी मोठा केक होतो. एका वर्षी केकमधून एका मुलाच्या पोटात परीराज्यातील तारा जातो आणि त्या योगे त्याला त्या राज्याची वाट खुली होते. केक करणाऱ्या आचाऱ्याच्या लेखी मात्र परी म्हणजे साखरेची बाहुली. मुलांची करमणूक, दुसरे काय! मी मुख्याध्यापक असताना भूमितीच्या पुस्तकाआड अद्भुतकथा वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याचे पुस्तक मी काढून घेतले होते. त्याचे नावदेखील पाहिले नाही. वर्षअखेरीस ते परत द्यावयाचे राहून गेले आणि तो मुलगा शाळा सोडून गेला. लोहार मोठा झाल्यावर तो तारा त्याला परत द्यावा लागतो. देताना त्याच्या जिवाला फार लागते. तरीही तो त्याच थट्टेखोर आचाऱ्याच्या कुळातील एका लहान मुलाची निवड करतो. त्या ओळींशी मी दर वेळी थांबतो.

परंतु मला सर्वांत प्रिय आहे ती निगल नावाच्या चित्रकाराची कथा. ती 1945 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. त्या काळी टॉल्किन यांचा मोठा ग्रंथ लिहून संपत नव्हता आणि तो अपुराच राहील की काय, ही धास्ती त्यांना होती. निगलचेही तसेच. त्याने एक पान रंगविले, पानाचे झाड झाले, झाडामागे अरण्य आणि डोंगर दिसू लागले. चित्र इतके वाढले की रंगविण्यास शिडी लागली. इकडे लांबच्या प्रवासाचे बोलावणे केव्हा येईल, याचा नेम नाही. अशात शेजारचा लंगडा पॅरिश दाराशी येतो: पत्नी आजारी आहे, घराची कौले उडाली आहेत. निगल मनातल्या मनात चरफडतो. पण भर पावसात सायकल काढून डॉक्टरांकडे जातो. त्यातच तो आजारी पडतो आणि चित्र अपुरे टाकून त्याला निघावे लागते.

मागे राहिलेल्या चित्राचे कापड फाटके घर झाकण्यासाठी वापरतात. एक पान तेवढे उरते. ते जपून ठेवणारा माणूस शाळामास्तर होता, हे वाचून मला झालेला आनंद मी लपवीत नाही! पुढे ते पान संग्रहालयात जाते आणि संग्रहालय जळते. गावात निगलचे नाव कोणाच्या ध्यानी राहत नाही.

इकडे, प्रवासाच्या शेवटी, निगल एका हिरव्या माळावर सायकलवरून जाताना वर पाहतो, तो समोर त्याचेच झाड! पुरे झालेले, जिवंत, वाऱ्यात हलणारे. काही दिवसांनी तेथे पॅरिशही येतो आणि दोघे मिळून झाडाभोवती बाग करतात. त्या जागेला पुढे दोघांचेही नाव पडते. ही बातमी कळताच ते दोघे इतके हसतात की, डोंगर दुमदुमतात.