रक्तातल्या प्रथिनांवरून गर्भाशयाचा कर्करोग कळतो का?

प्रश्न : मी जर्मनीत डार्मश्टाटला राहते. माझी पॅप तपासणी चांगली आली आहे. आई भारतातून आली आहे, तिची पाळी थांबून बरीच वर्षं झाली. रक्तातल्या प्रथिनांवरून गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग लवकर कळतो म्हणे. आम्ही दोघींनी चाचणी करावी का?

उत्तर : काही त्रास नसेल, तर नको. ‘एचई४’ आणि ‘सीए१२५’ या दोन प्रथिनांवर बरंच काम झालं आहे. पण एचई४ वयानं आणि मूत्रपिंडाच्या दुखण्यानंही वाढतं. सीए१२५ तर फायब्रॉइडमध्ये, अगदी पाळीतही वाढतं. समजा दहा हजार बायकांमध्ये तीस जणींना आजार आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. सत्तावीस जणी सापडतील, पण धडधाकट ९९७ जणींच्या जिवाला घोर लागेल.

तुमच्या गावची मेर्क कंपनी एकाच नमुन्यात अनेक प्रथिनं मोजणारे संच बनवते. ते संशोधकांसाठी असतात. प्रथिन मोजता आलं म्हणून निदान करता येतं, असं नाही. मला जास्त आशा वाटते ती मँचेस्टरच्या एमा क्रॉस्बी यांच्या गटाच्या कामाची. ते योनीमार्गातल्या स्रावात या कर्करोगाची खूण ठरतील अशी प्रथिनं शोधतात. स्राव गाठीच्या जवळचा असतो, रक्तात मात्र साऱ्या शरीराची प्रथिनं मिसळलेली असतात. हे काम अजून दवाखान्यापर्यंत आलेलं नाही.

आणि पॅप तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी असते. ती चांगली आली म्हणून अस्तराबद्दल निर्धास्त राहू नका.

पाळी थांबल्यावर हा कर्करोग झालेल्या सुमारे ९० टक्के बायकांना आधी रक्तस्राव झालेला असतो. उलट, असा रक्तस्राव होणाऱ्या शंभरातल्या नऊएक जणींनाच कर्करोग निघतो. म्हणून घाबरू नका, पण थांबूही नका. आईला एकदा जरी डाग दिसला, तरी ‘भारतात परतल्यावर बघू’ म्हणू नका. तिथे जर्मनीतच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं, तर तुकडा काढून तपासतात. पातळ निघालं आणि पुन्हा रक्त गेलं, तरी परत जायचं.

घरात कुणाला तरुणपणी आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यामागे लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असू शकतो, आणि मग तुमचीही वेगळी तपासणी लागेल.