औषध सुरू झालं आणि छाती धडधडू लागली...

लाईम डिसीज हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात लाईम नावाचं गाव आहे. १९७५ च्या सुमारास तिथल्या अनेक मुलांचे सांधे एकाएकी सुजू लागले आणि आजाराला गावाचं नाव मिळालं. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. भारतात त्याचे रुग्ण तुरळकच सापडतात. मग आपण तो कशाला अभ्यासायचा? कारण त्याच्या जंतूचा एक भाऊबंद दर पावसाळ्यात आपल्या कोकणात येतो. त्याचं नाव लेप्टो!

दोन्ही जंतू स्पायरोकीट या गटातले, म्हणजे स्क्रूच्या आट्यांसारखे पीळदार. लेप्टोचा जंतू उंदराच्या आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात, चिखलात उतरतो आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. आमच्या पूर्णगडला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मुचकुंदीची खाडी आणि मागे भातखाचरं. लावणीच्या दिवसांत माणसं तासन् तास अनवाणी चिखलात उभी असतात.

माझ्या काकांना असाच ताप आला. डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत की हात लावू देईनात. डॉक्टरांनी लेप्टोचा संशय धरून लगेच पेनिसिलिन सुरू केलं. दोनेक तासांत काकांना हुडहुडी भरली, ताप आणखी चढला आणि छाती धडधडू लागली. नाडी १३० वर! आजी म्हणाली, "सुई बाधली त्याला. आता दुसरी नको, घरी घेऊन चला." डॉक्टरांनी काकांना तपासलं, अंगावर पुरळ नाही, श्वास मोकळा आहे हे बघितलं आणि म्हणाले, "आजी, बाधली नाही, लागू पडली. रात्रभर इथेच राहू दे त्याला." सलाईन आणि पॅरासिटामॉल चालू राहिलं. सकाळी नाडी ९० वर आली होती. त्या रात्री घरी नेलं असतं तर औषध अर्धवट राहिलं असतं, आणि अर्धवट सोडलेला लेप्टो किडनी आणि फुप्फुसं गाठू शकतो.

या प्रकाराला यारिश-हेर्क्सहायमर रिअॅक्शन म्हणतात. उपदंशाचा जंतूही स्पायरोकीटच. पूर्वी त्यावर पारा देत. पारा दिल्यावर पुरळ आधी जास्तच भडकतो, हे यारिश यांनी १८९५ मध्ये आणि हेर्क्सहायमर यांनी १९०२ मध्ये नोंदवलं. होतं काय, तर औषधाने जंतू एकदम मोठ्या संख्येने फुटतात. त्यांचे तुकडे रक्तात येतात आणि शरीराची संरक्षण यंत्रणा खवळते. ताप चढतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो. दाब टिकवायचा म्हणून हृदय वेग वाढवतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा फीडबॅक लूप आहे. शिवाय ताप एक अंश फॅरनहाइट वाढला की नाडी साधारण दहाने वाढते, ते वेगळंच.

पण प्रत्येक धडधड म्हणजे हेच, असं समजू नका. फरक असा :

१) ही रिअॅक्शन बहुधा पहिल्या डोसनंतर काही तासांत येते आणि दिवसभरात ओसरते. चौथ्या-पाचव्या दिवशी नव्याने धडधड सुरू झाली तर कारण दुसरं शोधावं लागतं.

२) डोस घेतल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी, ओठ-चेहऱ्याला सूज, श्वासाला त्रास झाला तर ती अॅलर्जी. एक मिनिटही थांबू नका.

३) जंतू हृदयालाही सूज आणू शकतात. लाईममध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खाली जाणारा विजेचा संदेश अडतो. ठोके चुकतात, नाडी मंदही होते. लेप्टोमध्ये किडनीवाटे पोटॅशियम जाऊनही ठोके बिघडतात. यासाठी ईसीजी आणि रक्त तपासणी लागते.

४) अॅझिथ्रोमायसिनसारखी काही औषधं स्वतःच काही जणांच्या ठोक्यांची लय बिघडवतात. आधीपासून हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगाच.

आता होस्टेलपुरतं. पावसात चिखलात फुटबॉल खेळून आल्यावर पाय साबणाने धुवा, जखम उघडी ठेवू नका. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना चिखलाचं आवर्जून सांगा. रूममेटचं औषध सुरू झालं की पहिली रात्र त्याला एकटं सोडू नका. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा, वेळेसकट लिहून ठेवा. तो कागद डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो. चक्कर, छातीत दुखणं, धाप किंवा नाडी अनियमित लागली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रेक्टरना उठवा. आणि गोळी बंद करायची की नाही, हे खोलीत बसून ठरवू नका. ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.