किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे

प्रस्तावना

प्रवासाला निघताना आपण वाट, खर्च आणि मुक्काम या तीन गोष्टींचा विचार करतो. शिडाच्या होडीतून एकट्याने जाणाऱ्या माणसालाही हाच विचार करावा लागतो. फरक एवढाच, की त्याची वाट पाण्यावरची असते आणि धर्मशाळेच्या जागी एखादी शांत खाडी असते. भारतीय नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. त्या दीर्घ प्रवासात त्यांनी चार बंदरांत मुक्काम केला. प्रवास मोठा असो वा लहान, कोठे थांबावे हा प्रश्न सुटत नाही. प्रस्तुत पाठात आपण कोकणातील जयगडपासून गोव्यापर्यंतच्या प्रवासाची, कमी खर्चाच्या मुक्कामांसह, आखणी करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• अक्षांशावरून दोन बंदरांतील अंतराचा अंदाज घेऊ शकाल;
• सुरक्षित आणि स्वस्त मुक्काम कसा निवडावा, हे सांगू शकाल;
• खरी काटकसर आणि घातक काटकसर यांतील भेद स्पष्ट करू शकाल.

ऋतू आणि वारा

जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर असतो. समुद्र खवळलेला असतो आणि खाड्यांच्या मुखांवर लाटा फुटतात. लहान होडीने या काळात बाहेर पडू नये. दिवाळीनंतर समुद्र निवळतो. तेव्हापासून साधारणपणे मार्चपर्यंतचा काळ दक्षिणेकडे जाण्यास सोयीचा असतो.

या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो आणि त्याची दिशा बहुधा वायव्येकडून असते. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीमागून मिळतो. म्हणून पहाटे निघावे, दुपारचा वारा शिडात घ्यावा आणि सूर्यास्तापूर्वी नांगर टाकावा, हा सोपा क्रम ठरतो. परतीच्या वाटेवर हाच वारा समोरून येतो. त्यामुळे परतीसाठी अधिक दिवस आणि अधिक शिधा धरावा लागतो.

अंतराचे गणित

अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. कोकणचा किनारा बराचसा उत्तर-दक्षिण असल्यामुळे हे माप येथे उपयोगी पडते. रत्नागिरी सुमारे १६ अंश ५९ मिनिटांवर आणि विजयदुर्ग सुमारे १६ अंश ३३ मिनिटांवर आहे. वजाबाकी केली की २६ मैल मिळतात. किनारा जेथे आग्नेयेकडे कलतो, तेथे अंतर थोडे वाढते. या रीतीने पुढील टप्पे ठरतात :

जयगड ते रत्नागिरी – सुमारे २० मैल
रत्नागिरी ते विजयदुर्ग – सुमारे २६ मैल
विजयदुर्ग ते देवगड – सुमारे ११ मैल
देवगड ते मालवण – सुमारे २१ मैल
मालवण ते वेंगुर्ले – सुमारे १५ मैल
वेंगुर्ले ते आग्वाद – सुमारे २३ मैल

लहान होडी चांगल्या वाऱ्यात ताशी ४ मैल जाते. परंतु सकाळी वारा मंद असतो. म्हणून हिशेब ताशी ३ मैलांनी करावा. २६ मैलांना सुमारे ९ तास लागतील. हिवाळ्यात दिवसाचा उजेड साधारण ११ तासांचा असतो. म्हणजे सर्वांत लांबच्या टप्प्यातही दोन तास हाताशी राहतात. हे दोन तास वाया गेलेले नव्हेत. तीच आपली शिल्लक होय.

मुक्कामाची निवड

एकट्या नाविकाजवळ सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती? पैसा नव्हे, पाणी नव्हे, तर झोप. मोठ्या जहाजावर एक झोपला की दुसरा जागतो. येथे दुसरा कोणी नाही. किनाऱ्याजवळ मासेमारीची जाळी, होड्या आणि खडक असल्यामुळे रात्री चालत्या होडीत झोपणे धोक्याचे असते. म्हणून ज्या जागी रात्रभर निर्धास्त झोपता येते, तोच खरा मुक्काम.

अशी जागा वाऱ्यापासून आणि लाटांपासून आडोसा देणारी हवी. शास्त्री नदीच्या मुखाजवळचे जयगड, वाघोटण नदीच्या मुखावरचे विजयदुर्ग आणि देवगडचे बंदर यांना असा आडोसा आहे. रत्नागिरीत रत्नदुर्गाच्या भूशिराच्या दक्षिणेला मिरकरवाडा हे मासेमारी बंदर आहे. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी या ठिकाणी किल्ले बांधले, ते जहाजांना येथे आसरा मिळत असे म्हणूनच. मालवणजवळ मात्र सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक आहेत आणि वेंगुर्ल्यासमोरही समुद्रात खडकांचा समूह आहे. अशा ठिकाणी दिवसाउजेडी, स्थानिक मच्छीमाराला वाट विचारूनच शिरावे. उशीर होणार असे दिसल्यास देवगडलाच एक दिवस राहावे.

खर्च आणि काटकसर

आडोशाच्या पाण्यात स्वतःच्या नांगरावर राहिल्यास मुक्कामाचा खर्च कमी होतो. बंदर कार्यालयात नोंद मात्र अवश्य करावी आणि आकार असल्यास तो भरून पावती घ्यावी. २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावरील तपासणी कडक झाली आहे. ओळखपत्र आणि होडीची कागदपत्रे जवळ ठेवावीत.

डाळ-तांदूळ घरून न्यावेत. पिण्याचे पाणी, भाजी आणि मासळी गावातून घ्यावी. नांगराच्या दोरात मात्र काटकसर करू नये. समजा, ओहोटीला पाणी ४ मीटर आहे, भरतीने २ मीटर वाढते आणि होडीची नाळ पाण्यावर १ मीटर आहे. एकूण ७ मीटर झाले. याच्या सहापट, म्हणजे ४२ मीटर दोर सोडावा. दोर आखूड पडला तर नांगर घसरतो आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट नुकसान होते.

दुसरी घातक काटकसर दिवसांची. एका दिवसाचा शिधा वाचवण्यासाठी दोन टप्पे एकत्र केले, तर अंधारात अनोळखी खाडीत शिरावे लागते. सहा टप्प्यांना किमान नऊ दिवस धरावेत. रोज निघताना घरच्या माणसाला पुढचा मुक्काम आणि पोहोचण्याची वेळ कळवावी. संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक उपयोगी पडतो.

थोडक्यात, स्वस्त मुक्काम म्हणजे जेथे कमी पैशांत पुरेशी झोप मिळते आणि दुसऱ्या दिवशी निघायचे की थांबायचे, हे ठरवण्याची मोकळीक राहते ती जागा.

शब्दार्थ

मतलई वारा – जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा
खारा वारा – समुद्राकडून जमिनीकडे वाहणारा वारा
नाळ – होडीचा पुढचा निमुळता भाग
भूशिर – समुद्रात शिरलेले जमिनीचे टोक
शिधा – प्रवासासाठी घेतलेले धान्य व अन्नसामग्री

पाठगत प्रश्न

१. दक्षिणेकडे जाताना दुपारचा वारा अनुकूल का ठरतो?
२. लेखात वेगाचा हिशेब ताशी ३ मैलांनी का केला आहे?
३. एकट्या नाविकाला झोप सर्वांत मोलाची का वाटते?

स्वाध्याय

१. ओहोटीला पाणी ३ मीटर, भरतीची वाढ २ मीटर आणि नाळेची उंची १ मीटर असल्यास किती दोर सोडावा?
२. आग्वाद ते कारवार हे अंतर ४० सागरी मैलांहून अधिक आहे. ते एका दिवसाच्या उजेडात पार करावे का? सकारण लिहा आणि नकाशात मधला थांबा शोधा.
३. ‘खरी काटकसर’ या विषयावर तुमच्या दैनंदिन जीवनातील उदाहरण देऊन दहा ओळी लिहा.