निगमसभा : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

प्राचीन भारताच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास करताना श्रेणी, निकाय, निगम हे शब्द विद्यार्थी पाठ करतात. परंतु या संघटनांचे व्यवहार कोठे आणि कोणासमोर जाहीर होत, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर देणारा एक शब्द नाशिकच्या पांडवलेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात आढळतो. तो शब्द म्हणजे 'निगमसभा'.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा हा लेख आहे. त्यात वर्ष ४२ असा उल्लेख येतो. उषवदाताने भिक्षुसंघाला लेणे दिले आणि त्यासोबत ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' दिली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कायम राखून केवळ व्याज उपभोगावयाची ठेव. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली : एकीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा १ या दराने, दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. लेखानुसार २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. दोन दर वेगळे का, हे लेखात सांगितलेले नाही. केवळ दरावरून त्या श्रेणींच्या पतीविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा.

आता मूळ प्रश्न असा, की मुद्दल कधीच परत मागावयाचे नाही, तर व्याज पुढील पिढ्यांतही मिळत राहील याची हमी कोणती? लेखाच्या अखेरीस ती सापडते. हे सर्व, चिखलपद्र गावातील ८,००० नारळींच्या दानासह, निगमसभेत 'श्रावित' म्हणजे ऐकविले गेले आणि 'फलकवार' येथे, म्हणजे नोंदींच्या दप्तरात, 'चरित्रा'नुसार निबद्ध झाले. येथे चरित्र म्हणजे रूढ प्रथा. कौटिल्याने धर्म, व्यवहार, चरित्र आणि राजशासन असे कायद्याचे चार पाद सांगितले आहेत, त्यांतील हा तिसरा. राजघराण्यातील दात्यालाही आपले दान लोकांसमोर वाचून दाखवावे आणि नोंदवून घ्यावे लागले, ही बाब मला व्याजदराहूनही महत्त्वाची वाटते.

शब्दाची फोड करताना थोडी सावधगिरी हवी. 'निगम' म्हणजे व्यापारी पेठ, आणि त्या पेठेतील व्यापारी-कारागिरांची संघटनाही. 'सभा' म्हणजे जमलेले लोक, तशीच ते जमतात ती जागा. म्हणूनच काही अभ्यासक निगमसभेचा अर्थ व्यवसायसंघांचे सभागृह असा करतात, तर काही नगराचे सभागृह असा. वास्तू कशी होती याविषयी लेख काहीच सांगत नाही. तथापि ठेव घेणाऱ्या विणकर श्रेणी आणि ती ऐकणारी निगमसभा यांना लेखात वेगवेगळी नावे आहेत. माझ्या मते निगमसभा ही एकाच धंद्याची बैठक नसून तिच्याहून व्यापक मंडळ असावे. अन्यथा ऋणको आणि साक्षीदार एकच ठरले असते. परीक्षेत 'श्रेणी' आणि 'निगम' हे समानार्थी म्हणून लिहू नयेत. वैशालीजवळ बसाढ येथे सापडलेल्या गुप्तकालीन मुद्रांवर श्रेष्ठी, सार्थवाह आणि कुलिक यांच्या जोडीने निगम हा शब्द येतो, तोही अशाच संयुक्त संघटनेकडे निर्देश करतो.

युरोपातील 'गिल्डहॉल'शी तुलना उपयुक्त असली तरी मर्यादित आहे. लंडनच्या गिल्डहॉलचे बांधकाम १४११ मध्ये सुरू झाले, आणि आजही ती सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनची वास्तू आहे. तेथेही व्यवसायसंघ आणि नगराचा कारभार यांच्यातील सीमारेषा पुसट होती. मात्र तेथे इमारत उभी आहे. आपल्याकडे उरला आहे तो शब्द आणि त्या सभेत ऐकविलेला मजकूर.

आधुनिक वापराबद्दल एक सूचना. हिंदीत 'निगम' हा शब्द कॉर्पोरेशनसाठी रूढ आहे, जसे 'नगर निगम'. मराठीत त्याच अर्थाने प्रसंगानुसार महानगरपालिका किंवा महामंडळ म्हणतात. हिंदी साधनांवरून टिपणे काढणाऱ्यांनी प्राचीन निगमाचे भाषांतर 'महामंडळ' असे करू नये.